कच्चा खिमा मिळणार नाही

—नाही, गिलमो, आधी सांगा, हा कच्चा खिमा खाणार कोण? तुम्ही? अहो, आजवर सॉसेज सोडून दुसरं काही नेलंय का तुम्ही माझ्याकडून? आणि आज एकदम बिनचरबीचा, दोनदा यंत्रातून काढलेला, अंड्याच्या बलकात कालवून खायचा खिमा! खाटीक आहे मी, गाढव नाही. मारिवोननं पाठवलंय ना तुम्हाला? माझ्याच बायकोनं? परवा पोस्टमनला पाठवलं, काल चर्चमधल्या ऑर्गनवालीला— ती बिचारी शाकाहारी, नुसतं मांस बघून घेरी आली तिला, मीच तोंडावर पाणी मारलं.

कुत्र्यासाठी? बरं. नाव काय कुत्र्याचं? बघा, बघा— छताकडे बघताय!

अहो, पाचवा महिना लागलाय तिला. आणि कच्च्या मांसात तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, मांजराच्या घाणीत असतो, न धुतलेल्या पाल्यात असतो. आधी कधी होऊन गेला असेल तर फारशी भीती नाही म्हणतात— आणि आमची ही! खाटकाची मुलगी, खाटकाची बायको, घरात मांजर— आणि हिला कधी झालाच नाही! म्हणून दर महिन्याला लिमोजला जाऊन रक्त तपासायला द्यायचं. आता लागण झाली तर पोटातल्या जिवाला... जाऊ द्या. म्हणून मी सगळं करपेपर्यंत शिजवतो. रविवारी तिनं माझी मटणाची फोड रागानं ताटात आपटली— ताट फुटलं, फोड शाबूत! आमच्या मांजराची, पाँपाँची, घाण मीच काढतो, मासेमारीचे बूट घालून, तोंडाला फडकं बांधून. आणि ते मांजर असं बघतं, जणू घाण मीच केलीय.

हसू नका. गेल्या मार्चमध्ये, तिसऱ्या महिन्यातच, गेलं आमचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या जंतूचा काही संबंध नव्हता, कुणाचाच दोष नव्हता. कुणाचाच नाही! मग मी भांडू कुणाशी? या जंतूशी निदान भांडता तरी येतं— हातमोजे घालून. मारिवोनला सांगू नका हं, पण दुपारी मी कोल्डरूममध्ये जाऊन रडतो. तिथं बरं असतं, नाक लाल झालं तर थंडीनं झालं म्हणता येतं—

वर कशाला बघताय? खिडकी... उघडी आहे? मारिवोन? ऐकलंस? सगळं? कोल्डरूमचंही?

अगं, खाली कशाला आलीस? आणि जिन्यात काय बसलीस? हस, हस, नवऱ्याला हस— काय? पुन्हा सांग. हललं? आत्ता? मला हसताना?

थांब, थांब, हात खिम्याचे आहेत, धुऊन येतो— साबण कुठाय, साबण! गिलमो, उभे काय राहिलात? दुकान बंद! जा, जा, दार ओढून घ्या.

कुठं? इथं? जरा खाली?

श्श—