एकतिसावी नळी

लिंबाजी : ...डसला आन् विंचू जागीच मेला, सुके! तुज्या आजीनं नुसता पाय झाडला आन् परत भाकरी थापायला बसली. सारी आळी त्या विंचवाला बघायला लोटली. असल्या बाईचं काळीज गोळ्यांनी कसं जाईल?

सुकेशनी : गेलं, आबा. यकृतच गेलं. दिवसाला किती देत होता?

लिंबाजी : चार पांढऱ्या, तापाच्या. परभणीच्या डॉक्टरनं लिवून दिल्या तशा. आन् गुडघ्याच्या पिवळ्या, सोनपेठच्या बाजारातल्या. त्या मातर सात-आठ व्हायच्या. ठणका लय होता गं.

सुकेशनी : दोन्हींत औषध एकच हाय, आबा. पॅरासिटामॉल. रंग तेवढा येगळा.

लिंबाजी : एकच?

सुकेशनी : हो. दोन्ही मिळून लय झालं.

लिंबाजी : म्या माज्या हातानं चारल्या. पाणी बी म्याच पाजलं. खरं बोल, पोरी. म्याच मारलं का तुज्या आजीला, माज्या सरजाला?

सुकेशनी : आबा, आजी जायच्या आधीच्या सोमवारी मी तिचं रक्त नेलं होतं, आठवतंय?

लिंबाजी : नीट आठवतंय. तुज्या संशोधनाला शंभर बायांचं पायजे म्हनलीस. सरजा म्हनली, नातीला न्हाई तर कुनाला देऊ? पर त्यात हुडकीत काय होतीस?

सुकेशनी : काळजात, म्हंजी यकृतात, बारीक बारीक चिठ्ठ्या असतात, आबा. मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना. कुठलं काम चालू द्यायचं, कुठलं आवरायचं, कुठलं औषध कसं पचवायचं, यात त्यांचा हात असतो. काळीज दुखावलं की त्या रक्तात सांडतात. डोळे पिवळे व्हायच्या लय आधी.

लिंबाजी : म्हंजी काळीज चिठ्ठी धाडतंय? आन् लोक मला थापाड्या म्हनत्यात!

सुकेशनी : धाडतं, आबा.

लिंबाजी : मग सरजाची आली व्हती?

सुकेशनी : आली होती. त्याच सोमवारी. निरोगी बाईच्या सत्तर पट.

लिंबाजी : तू वाचलीस कवा?

सुकेशनी : शंभर नळ्या भरल्याबिगर आमी यंत्र लावत नाही. आजीची एकतिसावी होती. शंभरावी भरली, यंत्र लावलं, तवा इथं तिच्या माघारी पुण्यानुमोदनाच्या विधीचा मंडप पडला होता.

लिंबाजी : आन् सोमवारीच कळलं असतं तर?

सुकेशनी : उतारा हाय, आबा. सलाईनमधून देतात. तेव्हा दिला असता तर बहुतेक वाचली असती. सुई काढताना मला म्हणाली होती, मळमळायलंय गं. मी म्हणलं, उन्हानं असंल.



लिंबाजी : तुज्या आईला सांगितलंस?

सुकेशनी : न्हाई. तोंड न्हाई होत.

लिंबाजी : उद्या दोघं मिळून सांगू. आधी म्या गोळ्यांचं सांगतो, मग तू नळीचं सांग. म्या मदीच काही रचायला लागलो तर हात दाब माजा. ...रडू नको. त्या नळीत काही उरलंय का?

सुकेशनी : अर्धी हाय. फ्रीजरमधी. उणे ऐंशीला.

लिंबाजी : उणे ऐंशी म्हंजी?

सुकेशनी : बर्फाहून लय गार, आबा.

लिंबाजी : तिला थंडी सोसत न्हाई गं.