पट्टी निघाल्यावरचा गेम

डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबरची वाट बघत बसलेल्या शिंपीकाकांचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथल्या आजोबांच्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती.

“सूनबाई, आज आपला गेम फोर-केवर लाव.”

“बाबा, चित्र स्वच्छ दिसेल, पण फ्रेम रेट पडून तुमचा खेळ अडखळेल. तुम्ही बंदूक वळवेपर्यंत मी तुमचा निकाल लावलेला असेल.”

“लाव.”

“तुम्हीच म्हणायचात, खेळ झरझर चालला पाहिजे, चित्र काय चाटायचंय?”

“तेव्हा मोतीबिंदू होता. आता मला रोज मारणाऱ्या तुझ्या त्या सैनिकाचं थोबाड बघायचंय.”

नर्सबाईंनी शिंपीकाकांना हाक मारली. ते जागचे हलले नाहीत.

“बघाच. त्याला मी तुमचाच चेहरा दिलाय.”

“मिशीसकट?”

“मिशीसकट.”

“मग ऊठ लवकर. चष्म्याचं उद्या बघू.”