गाईच्या डॉक्टरची चिठ्ठी

...आणि देवपुरातला तो एवढा मोठा डॉक्टर, बसायला बाकडं मिळत नाही एवढी गर्दी, तो माझी चिठ्ठी वाचतो, चष्मा कपाळावर नेतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, "काका, ही रक्ताची तपासणी तुम्हाला कुठल्या डॉक्टरनं लिहून दिली?" आता काय सांगू? तुम्हीच सांगा, चारचौघांत काय सांगू? माझ्या गाईच्या डॉक्टरनं?

हसू नका हो!

झालं असं, आमचं गाव नरडाण्याच्या अलीकडं, घरी दोन गाई, एक म्हैस, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. त्यातल्या कपिलीनं सातव्या महिन्यातच वासरू टाकलं. मेलेलं. वर वार, ती वासरामागून पडायची पिशवी, आतच अडकली! ऊन डोक्यावर आलं तरी वार लोंबतेच आहे. मग काय, मी बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि काढली ओढून! बायको, शेवंताबाई, मागून ओरडतेय, "अहो, हाताला विळा लागलेला आहे, डॉक्टरला बोलवा!" तर शेजारचे चुडामण आबा तंबाखू मळत उभे, ते म्हणतात, "काही व्हत नही रे लीलाधर! आमना बाप असाच काढे!"

काही व्हत नही! आबा बोलले म्हणजे संपलंच.

तीन आठवड्यांनी मला ताप. आणि ताप तरी कसा? संध्याकाळी डेअरीच्या गाडीसारखा टायमावर हजर, सकाळी गायब! घाम एवढा की बनियन पिळून घ्या. कंबर म्हणते मी दुखते, गुडघा म्हणतो आधी माझा नंबर. गावातला डॉक्टर म्हणाला टायफॉइड. गोळ्या संपल्या, ताप आहेच. मग म्हणाला मलेरिया असेल. आबा आले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "तुले अशक्तपणा शे. धारेवरनं दूध पे, कच्चं! काही व्हत नही, वाघ व्हशी वाघ!"

आणि मी प्यायलो! प्यायलो ते प्यायलो, वर घरातही पाजलं. आमची सून डिंपल, लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा कुठं दिवस राहिलेले, पाचवा महिना. तर मी रोज सकाळी कपिलीच्या दुधाचा पेला स्वतःच्या हातानं तिच्यापुढं धरायचो. ती बिचारी म्हणायची, "बाबा, उकळून घेते ना." मी म्हणायचो, "उकळलं की दुधातली ताकद जाते! पी, काही होत नाही!" महिनाभर, तुम्हाला सांगतो, महिनाभर!

मग दुसऱ्या गाईनंही वासरू टाकलं. तेव्हा मात्र शेवंताबाईनं मला विचारलंच नाही, सरळ फोन लावला. जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मयुरीताई आल्या, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, आणि खांद्यापर्यंत हातमोजे! एक जोडी त्यांनी माझ्यापुढंही धरली. आबा लगेच, "हातमोजा कसाले? नवरदेव शे का तू?" असं मलाच. ताई हसल्या नाहीत. त्या गाईकडं बघतायत आणि मधूनमधून माझ्याकडं बघतायत, मी भर दुपारी घोंगडी पांघरून बसलेला.

"काका, मागच्या गाईची वार कोणी काढली?"

"मी."

"उघड्या हातानं? ताप संध्याकाळी चढतो? सांधे धरतात? दूध कच्चं पिता?"

हो. हो. हो. हो! परीक्षेत कधी एवढी उत्तरं बरोबर आली नव्हती!

त्या म्हणाल्या, "काका, हा जंतूंचा आजार वाटतो. गाईला झाला तर गाभ पडतो, माणसाला झाला तर असा ताप येतो. तुमचं नि गाईचं, दोघांचंही रक्त तपासावं लागेल." मग एकदम आवाज खाली आणून, "घरात कोणी गरोदर आहे का?"

डिंपल दारातच उभी होती. हातातली बादली तिनं हळूच खाली ठेवली. आबा चपला शोधायला लागले.

ताईंनी माझ्या नि डिंपलच्या रक्ताची चिठ्ठी लिहून दिली, ती घेऊन आम्ही सगळे धुळ्याला, त्याच देवपुरातल्या डॉक्टरकडं. माझा मुलगा भूषण गाडी चालवतोय, जाताना शब्द नाही, येताना शब्द नाही. अरे, शिव्या दे, काहीतरी बोल! नाही. रिपोर्टला दोन दिवस. ते दोन दिवस मी पेला दिसला की मान फिरवायचो. मनात एकच, माझं काय व्हायचं ते होऊ दे, त्या लेकराला काही नको.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं दोन कागद उघडले. माझ्यात जंतूची खूण. सहा आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि डिंपल? "यांचा रिपोर्ट चांगला आहे. महिन्यानं पुन्हा बघू, पण आज काळजीचं काही नाही."

मी तिथंच, त्या गर्दीत, रडलो हो! मग म्हटलं, "पण पोरी, रोजचा पेला?"

ती खाली मान घालून म्हणते, "बाबा, त्याच्या वासानंच मला उलटी यायची. मी तो चहाच्या पातेल्यात ओतायचे आणि चांगला उकळायचे. म्हटलं, तुम्हाला नाही सांगितलं तर काही होत नाही."

भूषण पहिल्यांदा हसला. सुनेनं ऐकलं नाही म्हणून हात जोडणारा खानदेशातला पहिला सासरा मीच असेन!

निघताना शेवंताबाईनं डॉक्टरला विचारलं, "यांच्यापासून घरात कोणाला लागायचं तर नाही ना?"

"नाही हो मावशी. हा जनावरापासून माणसाला होतो. माणसापासून माणसाला सहसा होत नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ते खरं हो डॉक्टर, पण यांना कशात धरायचं?"

आज गोळ्यांचा एकोणिसावा दिवस, शेवंताबाईनं माझं अंथरूण अजून ओसरीवरच ठेवलंय.