काळ्या काचेआडची गाडी

धाकटा : ...फक्त मान हलवा, भाऊजी. ही एसयूव्ही आपल्याकडे विकायला येणार की नाही?

भाऊजी : मान हलवायलाही बंदी आहे. चाचणीच्या गाडीबद्दल अवाक्षर काढलं तर त्याच दिवशी नोकरी जाते. कंपनीने दिलेलं हे घरही जातं.

धाकटा : मलाही चार वाजता सही करायचीय. कंपनी म्हणते, मोठी गाडी हवी तर आधी मोठी शोरूम घ्या. हा भाडेकरार बघा, नऊ वर्षांचा, मधे सोडता येत नाही. आणि गाडी येणार असं लेखी कोणी देत नाही. छोटी गाडी तर त्यांनी बंदच केली. माझ्या शोरूममध्ये आता गाड्यांपेक्षा कुंड्या जास्त आहेत.

ताई : आधी जेवून घ्या दोघं.

धाकटा : घास उतरत नाही गं. आठ महिने ती गाडी तुझ्या दारावरून जातेय, अंगभर पट्ट्यापट्ट्यांचे कागद लावून, नव्या नवरीसारखी तोंड झाकून. चालवतो कोण, तर माझा सख्खा मेहुणा. आणि मी अंधारात.

भाऊजी : तुझ्या जागी मीही असाच खनपटीला बसलो असतो.

धाकटा : मग करू सही?

भाऊजी : मीठ दे गं जरा.

ताई : पुढ्यातच आहे तुमच्या. एका हाताला भाऊ, एका हाताला नवरा. कुठलाही हात ओढला तरी खांदा माझाच निखळायचा.

धाकटा : साडेतीन झाले. पेन दे, ताई, निघतो.

(ताई पेन आणते, पण हातातच धरून ठेवते.)

ताई : काल गंमतच झाली. हे डबा विसरले, म्हणून मी फाटकापर्यंत धावले. सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेले. काळी काच खाली झाली, मी डबा आत धरला, तर सीटवर कुणीच नाही. हे पलीकडून म्हणतात, 'इकडून ये.'

भाऊजी : अगं...

धाकटा : पलीकडून? म्हणजे स्टिअरिंग डाव्या अंगाला? तशी गाडी आपल्या देशात विकताच येत नाही.

ताई : मला गाडीतलं काय कळतंय? मी आपलं डब्याचं सांगतेय.

धाकटा : एखादी असेल तशी.

ताई : चाचणीच्या तिन्ही गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. तिन्हींतली माणसं त्याच अंगाने उतरली.

धाकटा : आठ महिने झाले. आपल्यासाठी असती तर एव्हाना एक तरी सरळ बाजूची आली असती. म्हणजे इथे नुसतं ऊन आणि धूळ खायला आणल्यात. विकायच्या भलतीकडेच.

भाऊजी : मी काही बोललेलो नाही.

धाकटा : नाही. तुम्ही मीठ मागितलंत.

ताई : आता काय करशील रे?

धाकटा : सही केली तर नऊ वर्षं रिकाम्या शोरूमचं शटर वर, शटर खाली. नाही केली तर आहे त्याला कुलूप. दार दोन्हीकडून बंदच आहे, ताई. निदान कुलूप तरी माझ्या हाताने लावेन.

ताई : हे पेन...

धाकटा : राहू दे तुझ्याकडेच. आणि भाऊजी, उद्यापासून डबा आठवणीने नेत जा.