जोतीरामची वजाबाकी

शाहू महाराजांच्या काळातली गोष्ट. कोल्हापुरात देवी टोचून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढं जोतीराम आणि मीरासाब उभे होते.

"मीरासाब, रातीच्या साळंत काल वजाबाकी शिकलो! जल्मसालावरनं वय काढता येतंय!"

"मग काढलंस?"

"माझं काढलं, मग बायकोचं बी काढलं. बायको मोठी निघाली की!"

"या अल्ला! किती?"

"दोन वर्सानं! पाटी पुसून पुसून बघितलं, तरी तेच!"

"वैनीला सांगितलं न्हाईस न्हवं?"

"दम कुठला निघतोय! घरात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं."

"मग?"

"लगीन झाल्यापास्नं कधी माझं नाव घेतलं न्हवतं तिनं. आज सकाळी म्हनली, ‘जोत्या, चूल पेटीव!’"

"आनि तू?"

"पेटिवली की! थोरल्या मानसाचा शब्द कसा मोडायचा?"