आईले वाट पाहता आली नाही

नमस्कार सगळ्यांले. भैया, माइक जरा खाली करा. हां, बस.

तुम्ही सगळे आले. भिलाईहून आले, अभनपूरहून आले. आईच्या चौबे कॉलनीतल्या सगळ्या मैत्रिणी पुढच्या रांगेत बसून आहेत. मले सांगितलं, आईबद्दल चार शब्द बोल. चार शब्द! माझ्या आईबद्दल! घरातलं दूध संपलं एवढं सांगायले ती अर्धा तास घेत होती. आणि आज मले तोंड उघडायचीच भीती वाटून राहिली. माझे हात थरथरत आहेत, दिसतेच तुम्हाले. घाबरू नका, ही फिट नाही. हे रडू आहे. भैया, तुम्ही माझ्या मागे काहून येऊन थांबले? जा, बसा. मी पडत नाही.

जे मले ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी अर्चना. सुमनताईची एकुलती एक पोट्टी. सदर बाजारात कापडाच्या दुकानात बिलं बनवते. आणि मले मिरगी आहे. लहानपणापासून आहे.

हे वाक्य आईनं मले आपल्या मंडळाच्या या हॉलमध्ये कधी बोलू दिलं नाही. "तिले चक्कर येते," म्हणायची. कधी ऊन लागलं, कधी उपाशी राहिली, कधी नजर लागली. गणपतीत इथंच मागच्या स्वयंपाकघरात मी पडली होती, तर आई म्हणे, पोट्टी सांडलेल्या तेलावरून घसरली. पुढं बसलेल्या काकू, आठवते ना तुम्हाले? तुम्ही लगेच फडकं आणून फरशी पुसली होती. कोरडी फरशी, काकू! तुम्हाले माहीत होतं. सगळ्यांले माहीत होतं. आणि सगळ्यांनी आईचं मन राखलं. त्याच्यासाठी मी तुमचे आभार मानू का तुमच्याशी भांडू, मले खरंच समजत नाही.

आईचे डोळे कसे होते सांगू? ती पुरण वाटून राहिली असली तरी एक डोळा माझ्यावर. फिट येण्याआधी मी ओठ चाटते म्हणे, ओढणीचं टोक चोळत बसते. मले त्यातलं काही आठवत नाही. आईले दिसायचं. हातातलं टाकून धावायची, डोक्याखाली हात घालायची, कुशीवर वळवायची. कोणी नाकाशी चप्पल धरायले आलं की त्याच्यावर अशी ओरडायची की तो माणूस चप्पल तिथंच सोडून जायचा. जन्मभर एकच काम केलं तिनं. फिट येऊ नये. गोळी वेळेवर. झोप वेळेवर. तरी फिट यायचीच. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, तरी यायची.

मग नागपूरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनं माझ्या मेंदूचे फोटो काढले. म्हणाल्या, काही लोकांच्या फिटा मेंदूच्या एकाच जागेतून सुरू होतात. ती जागा नक्की सापडली, आणि काढण्यासारखी असली, तर ऑपरेशन करून काढता येते. हमी नाही दिली त्यांनी, खोटं कशाले बोलू. पण माझ्या फोटोत एक बारका डाग दिसला, उजव्या कानाच्या वरच्या बाजूले आत. फिट तिथूनच निघते का? हे पक्कं करायले अजून एक तपासणी करायची होती. त्यात दवाखान्यात भरती व्हायचं. डोक्याले तारा लावतात, समोर कॅमेरा. आणि गोळ्या कमी करत नेतात, म्हणजे फिट यावी. फिट सुरू झाल्याबरोबर नर्स एका खास औषधाची सुई देते आणि मग फोटो काढतात. फिटेच्या वेळी मेंदूत जिथं रक्त जास्त धावते, ती जागा त्या फोटोत उठून दिसते. उशीर झाला तर फोटो चुकीची जागा दाखवू शकते. सगळा खेळ त्या घडीचा.

ऐकलं का? फिट यावी म्हणून बसायचं. आणि सोबत कोण? माझी आई!

दिवस गेले. फिट नाही आली. त्यातलं औषध टिकत नाही, म्हणून ती सुई रोज नवी बनवावी लागते, वापरली नाही तर फेकून देतात. रोज बनायची, रोज फेकली जायची. मले तर घरी एवढ्या दिवसांत हमखास येते. नर्स मले हसून म्हणे, "दीदी, आपकी तो छुट्टी चल रही है." मी चिडायची. झोपेत मले स्वप्न पडायचं की फिट आली. उठून पाहावं तर आई समोर बसून. "खाऊन घे अर्चू." गूळ घालून पोळी कुस्करायची, लाडू वळायची, माझ्या तोंडात घालायची. मी म्हटलं, आई, किती लाडू? तर म्हणे, "दवाखान्याचं अन्न काय अंगी लागते!"

मॅडमले शंका आली. त्यांनी माझं रक्त तपासलं. रक्तात गोळी निघाली. बंद केलेली गोळी!

आई गोळी कुटून लाडवात घालून राहिली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "आई, असं का केलंत?" तेव्हा आईनं जे सांगितलं ते मी आज तुम्हाले सांगते, कारण याच्यापेक्षा मोठी श्रद्धांजली माझ्याजवळ नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळे फिटेची वाट पाहून राहिले. मी जन्मभर तिले दारातून हाकलली. आता तिलेच या बाई, बसा बाई म्हणू? नाही जमत माझ्यानं. मारा मले, पण नाही जमत."

आम्हाले घरी पाठवलं. पुढची तारीख देऊन. गाडीत मी तिच्याशी बोलली नाही. गोंदिया गेलं, डोंगरगड आलं, मी खिडकीतून बाहेर पाहत बसली. आई आपली हळूच विचारते, "जागा सापडली तर मग चक्कर नाही ना येणार?" मी म्हटलं, "मिरगी, आई. मिरगी म्हण." थोड्या वेळानं समोरच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, बेटी को क्या हुआ है? आणि माझी आई, जिनं कोरडी फरशी पुसायले लावली ती माझी आई, सगळ्या डब्यात ऐकू जाईल असं म्हणाली, "मिरगी है. इसका ऑपरेशन करवा रहे हैं हम. आप भी किसी को जानती हों तो बताइए, छुपाना मत." मी रडली हो. तिथंच, त्या बाईसमोर, नाक ओढणीले पुसत रडली.

आणि नंतर? नंतर काय. एका सकाळी आई मेथी निवडत बसली होती. बाबाले म्हणाली, छातीत कसंतरी होते. गाडी दारात येईपर्यंत संपलं सगळं. काल तेरवी झाली. जिनं माझ्यासाठी सारं आयुष्य सावध राहून काढलं, ती गेली तेव्हा मी अंघोळ करून राहिली होती. सांगा, हा कोणता न्याय?

आता मले आईबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलायचं आहे. वाईट नका मानू. माझी भरती व्हायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. मोठी आत्या म्हणते, वर्ष होऊ दे, घरात आत्ताच गेलं माणूस. आत्या, तुमचा मान आहे. वर्षभर लग्न नाही, वास्तू नाही, कबूल. पण ऑपरेशन काय कार्य आहे? माझ्या डोक्यावर अक्षता टाकून राहिले का ते? आणि वर्षभर फिटेनं थांबायचं कोणाले कबूल केलं?

पण दवाखान्याचा एक नियम आहे. सोबत घरचं माणूस पाहिजे. त्याच्याशिवाय भरती करत नाहीत. काम काय? बसायचं आणि पाहायचं. माझे ओठ हलले की घंटी दाबायची, पांघरूण बाजूले करायचं, कॅमेऱ्याच्या आड नाही यायचं. नर्स सुई देईल. आपण गोळी नाही द्यायची, पोटाशी नाही धरायचं. येऊ द्यायची. एवढंच. आणि एवढंच माझ्या आईले जमलं नाही, तर कोणाले जमेल?

मावशीचे गुडघे, आत्याचं बीपी. रागावून नाही सांगत, खरं आहे ते. बाबाले मी विचारलंच नाही. तुम्हाले माहीत आहे माझे बाबा. जन्मभर रेल्वेत नोकरी केली, कोणाच्या बापाले भ्याले नाही. पण मले फिट आली की चपला घालतात आणि पाऱ्यातल्या शेवटच्या घरापर्यंत निघून जातात. त्यांच्याच्यानं पाहवत नाही. बाबा, मान खाली नका घालू, मी तक्रार नाही करून राहिली. म्हणूनच तर भरल्या सभेत विचारते, लाज सोडून विचारते. तुमच्यातलं कोणी येते का माझ्यासोबत?

कोणीच नाही? बरं. घरी जाऊन विचार करा. फोन करा मले.

काय? थांबा, कोण बोललं?

बाबा, बसा ना. तुम्ही दोन दिवसांचे नीट जेवले नाही, पडाल. काय म्हणता? जोरात बोला, मागच्यांले ऐकू नाही आलं.

"घंटी मी दाबीन" म्हणतात.

बाबा, पूर्ण फिट पाहावी लागते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उठून जाता येत नाही. तोंड फिरवता येत नाही. पाहाल?

"हव" म्हणतात.

मले याच्यापुढं बोलता येत नाही. आईसाठी दोन मिनिटं शांत राहायचं आहे. माझे बाबा उभे झालेच आहेत. आता तुम्ही सगळे त्यांच्यासोबत उभे व्हा.