दंडाचे माप

मी खाली सही करणार, वय ७१ वर्षे, धंदा शिवणकाम (आता बंद), राहणार बाजारामागील इमारत, तिसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा परदेशी असतो, त्याचा फोन येतो.

रुग्णालयाच्या संशोधन विभागाला निरोगी म्हातारे हवे होते, म्हणून गेल्या वर्षी मी नाव दिले. तपासणीला गुरुवारी सकाळी उपाशीपोटी बोलावत. तिथे हाताला पट्टा बांधून फुगवतात, रक्त पाच मिनिटे अडवून धरतात आणि मग सोडतात. सोडल्यावर दंडातली रक्तवाहिनी किती रुंदावते, ते पडद्यावर मोजतात. ती नीट रुंदावली नाही तर पुढे हृदयाचे दुखणे येऊ शकते, असे तिथल्या तंत्रज्ञ मॅडमनी मला समजावले. मी जन्मभर लोकांच्या दंडाची मापे घेतली, माझे कुणी घेतले नव्हते. पट्टा असेपर्यंत बोलायचे नाही, असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "सवय आहे हो, घरी दिवसभर तेच करतो." त्या हसल्या. हात हलू नये म्हणून त्या माझे मनगट धरून बसत.

संशोधन संपले त्या दिवशी मी "येतो" म्हणालो आणि त्या "या हं काका" म्हणाल्या. जाणाऱ्याला कुणीही असेच म्हणते, हे मलाही कळते. तरी पुढच्या गुरुवारी मी उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, तिथे गेलो. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे, अशी थाप मारली. मॅडमनी विश्वास ठेवून तपासणी केली. मग मी दर गुरुवारी जाऊ लागलो. का, असे हवालदारांनी विचारले. घर खायला उठते, म्हणून. तसेच लिहून घ्यावे.

आज सकाळी तपासणी चालू असताना विभागाचे प्रमुख खोलीत आले. "संशोधन कधीच संपलंय, हे कोण?" असे ते ओरडले. मी गडबडीने उठलो. माझे कोपर लागून यंत्राचा दंडावर फिरवायचा भाग खाली पडला आणि फुटला. मॅडमनी तो पाडलेला नाही. ओळखीच्या माणसासाठी त्यांनी यंत्र वापरले, अशी तक्रार प्रमुखांनी दिली आहे. त्यात त्यांची नोकरी जाईल. ओळखबिळख काही नाही, चूक सर्वस्वी माझी आहे. यापुढे मी तिकडे फिरकणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "मॅडम मला मुलीसारख्या आहेत" असे एक वाक्य आले होते. ते मीच बोलण्याच्या ओघात सांगितले होते. ते मी खोडायला लावले. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. बाकी सगळे बरोबर आहे.